आधी बोलणी, मग भरणी

भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. पावसाळ्यात पाणी साठवावे, उन्हाळ्यात ठरल्या पाळीने सोडावे, हा त्याचा धर्म. २००८ साली शेजारच्या घाटघरला २५० मेगावॉटचे वीजघर सुरू झाले. विजेला मागणी कमी असता तेथे खालचे पाणी पंपाने वर चढवतात. मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज घेतात. चढवायला लागते तितकी वीज परत येत नाही; पण वेळेला मिळते, हे तिचे मोल. खिशातल्या फोनची बॅटरी हेच करते.

तिच्या भरणीचाही इतिहास आहे. १९९६ साली यूएसबी निघाली. दाब पाच व्होल्ट. उपकरणाने आधी १०० मिलिअँपिअरवर भागवावे, गरज सांगावी आणि संगणकाने मान्य केल्यावरच ५०० पर्यंत घ्यावे, असा नियम होता. पुष्कळ उपकरणे न विचारताच ओढू लागली. २००७ साली भरणीचे वेगळे नियम झाले. २०१२ साली तर वाटाघाटीची रीतच ठरली : चार्जरने आपली ऐपत जाहीर करावी, उपकरणाने तीतून मागावे, मग करार व्हावा.

मागण्या मांडण्यात आमचे आयुष्य गेले. म्हणून ही रीत आम्हांला ओळखीची वाटते. फरक एवढाच की, येथे देणारा आपला आकडा प्रथम उघड करतो! पाणी असो, वीज असो की मजुरी, देणाऱ्याने साठा लपवला की घेणारा ओरबाडतो. धरणाचा हिशेब घाटघरच्या माणसालाही वाचता यावा, एवढीच आमची मागणी आहे.