साचेखात्यातला आवाज

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालत. धोट्यांच्या खडखडाटात शेजारच्याला ‘दोरा तुटला’ एवढं सांगायलाही बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. जुने कामगार म्हणूनच हातवाऱ्यांवर आणि ओठांच्या हालचालीवर भागवत. पाळी सुटल्यावरही वडिलांचा आवाज चढलेलाच असे. रात्री तो घोगरा होई, मग आई ज्येष्ठमध चघळायला देई. सुट्टीनंतर गळा पुन्हा मोकळा होई.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला. त्याच वर्षी गायनशिक्षक मान्युएल गार्सिया यांनी आरशाच्या मदतीने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवलं.

पुरुषाचे स्वरतंतू साधं बोलतानाही सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा एकमेकांना भिडतात. ओरडताना ते जोराने आदळतात, वरचं नाजूक आवरण सुजतं आणि आवाज जड होतो. विश्रांती मिळाली तर सूज उतरते. रोजच घसा ताणला तर गाठी येऊ शकतात.

गोंगाटाने आलेला बहिरेपणा नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे; बसलेला आवाज नाही. गिरणगावाच्या इतिहासात संपांइतकीच या गळ्यांचीही नोंद हवी. भरलेल्या वर्गात दिवसभर आवाज चढवणाऱ्या शिक्षकांसाठी तर ती आजच व्हायला हवी.