चालक पट्टा, मोटारगाडीच्या एंजिनाचा
एंजिनाच्या भुजादंडाच्या पुढील टोकावरील कप्पीवरून जलपंप, पंखा, विद्युत् जनित्र इ. साहाय्यक यंत्रांना गती देणारा अखंड पट्टा. झडपांचे कालनियमन करणारा दातेरी पट्टा याहून वेगळा असून त्याचा येथे विचार केलेला नाही. चालक पट्ट्यात दोन दोष वारंवार आढळतात : कप्पीवर घसरणे व कप्पीवरून उतरणे. या दोहोंत गल्लत होऊन उतरणारा पट्टा पुष्कळदा नुसता अधिक ताणून बसविला जातो. घसरण्याचे कारण ताण व घर्षण यांत असते. उतरण्याचे बहुधा कप्प्यांच्या मांडणीत असते. असे का, हे पट्ट्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकातील कारखान्यांत वाफ एंजिनाची शक्ती आढ्याजवळील लांब दंडावरून चामड्याच्या सपाट पट्ट्यांनी यंत्रांकडे नेली जाई. पट्टा उतरू नये म्हणून कप्पीच्या कडा उंच असाव्यात असे सकृद्दर्शनी वाटते. प्रत्यक्षात तिचा मध्य किंचित फुगीर ठेवीत. पट्टा बाजूला सरकला की तो कप्पीच्या उतरत्या पृष्ठावर किंचित वाकून बसतो आणि त्याचा नव्याने येणारा भाग मध्याच्या अधिक जवळ टेकतो. त्यामुळे तो आपोआप मध्यावर चढतो. मांडणीतील लहानसहान चुका ही युक्ती पोटात घालीत असे. कार्ल बेंट्स यांच्या १८८६ मध्ये एकस्व मिळालेल्या तीनचाकी गाडीत शक्ती सपाट पट्ट्याने मधल्या दंडाकडे व तेथून साखळ्यांनी चाकांकडे नेलेली होती. फोर्ड ‘मॉडेल टी’ (१९०८–२७) गाडीचा पंखाही सपाट पट्ट्यावर चाले. सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्यास तीत जलपंप नव्हता; तापलेले पाणी वर चढून आपोआप खेळे. त्यामुळे पट्टा उतरला, तरी पाण्याचे अभिसरण थांबत नसे.

पुढे जलपंप पट्ट्यावर आला आणि पट्टा उतरणे एंजिनाच्या जिवावर बेतू लागले. तोवर पाचरीच्या आकाराचा रबरी पट्टा प्रचारात आला होता. त्याचे श्रेय सामान्यतः डेन्व्हर येथील जॉन गेट्स यांना (१९१७) देतात. हा पट्टा खोबणीच्या दोन्ही बाजूंना घट्ट धरतो. खोबणीचा कोन ३८° असल्यास पकड घर्षणांक जणू तिप्पट झाल्यासारखी वाढते. पट्टा झिजून बुडाला टेकला की हा लाभ संपतो आणि तो घसरू लागतो. मात्र या सोयीसाठी स्वतःहून मध्यावर येण्याचा गुण गमवावा लागला. कप्प्या एका प्रतलात नसल्यास पट्टा प्रत्येक फेऱ्यात खोबणीच्या भिंतीवर चढतो, पिळला जातो व शेवटी उलटून बाहेर पडतो.

कुर्ला (मुंबई) येथे तयार होणारी फियाट व उत्तरपाडा (प. बंगाल) येथील अँबॅसडर या गाड्यांत असाच पट्टा असे. जनित्र खाचेच्या पट्टीवर सरकवून त्याचा ताण ठरवीत. जनित्राचा आधार झिजला वा बोल्ट सैल झाला की पट्ट्याच्या ओढीने ते तिरके होई. अशा वेळी ताण वाढविला, तर तिरकेपणाही वाढे; नवा पट्टाही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जाई.

अनेक बारीक कंगोरे असलेला एकच लांब पट्टा सर्व यंत्रांभोवती फिरविण्याची पद्धत १९७९ च्या फोर्ड मस्टँग गाडीपासून रूढ होत गेली. ताण देण्याचे काम स्प्रिंगच्या कप्पीकडे आले. या पट्ट्याची पाठही काही कप्प्यांवर टेकते. तो उतरला की जलपंप त्यावर असलेल्या गाडीत विद्युत् प्रभारण व शीतलन एकदम बंद पडते आणि एंजिन चालू ठेवल्यास थोड्याच वेळात तापते.

तपासणी एंजिन बंद करून करावी. कप्प्यांच्या तोंडांवर सरळ पट्टी धरून त्या एका प्रतलात आहेत की नाहीत, हे प्रथम पहावे. ताण कप्पीची भुजा झिजून कलली आहे काय, फिरत्या कप्प्यांचे धारवे खडखडतात काय, खाचेत खडा अडकला आहे काय, पट्ट्यावर तेल वा शीतक गळते काय, हे नंतर पहावे. भुजादंडाच्या कप्पीत कंपन शमविणारा रबरी थर असतो. तो सुटला की बाहेरचे कडे हळूहळू सरकते. हा दोष सहज नजरेस येत नाही व पट्टे बदलण्यात पुष्कळ खर्च होतो. आवाजावरूनही अंदाज येतो : चालत्या पट्ट्यावर दुरून पाणी शिंपडल्यास चिवचिव क्षणभर थांबली, तर कप्प्या तिरक्या आहेत, किंचाळी वाढली, तर ताण अपुरा आहे. जुन्या निओप्रिनाच्या पट्ट्याला भेगा पडून त्याचे वय कळे. १९९० नंतर प्रचारात आलेल्या ईपीडीएम रबराला भेगा क्वचितच पडतात, म्हणून त्याच्या कंगोऱ्यांची झीज मापाने पहावी लागते.