वऱ्हाडातील व्यायामाचा प्रसार

हल्ली अमरावतीत किंवा अकोल्यात सायंकाळी फेरफटका मारावयास निघावे, तो पाटीमागून पाटी अशी ‘जिम’ नामक व्यायामगृहे दृष्टीस पडतात. आत आरसे, हवा थंड ठेवणारी यंत्रे आणि जागच्या जागी धावावयाचे पट्टे. बाहेर वर्गणीचे दर, व त्याखाली वर्षाचे पैसे एकदम भरल्यास मिळणारी सवलत. येथे येणारे गिऱ्हाईक पहिलवान नव्हे. कोणी कचेरीतला कारकून असतो, कोणी दुकानदार, कोणी घरकामातून तासभर सुटका काढलेली गृहिणी, तर कोणी माझ्यासारखा डॉक्टरांनी दटावलेला पेन्शनर. अशा लोकांना परवडेल अशा दराने व्यायाम पुरवावा, ही कल्पना अगदी अलीकडची आहे असे तरुण मंडळी समजतात. वस्तुतः सामान्य माणसास स्वस्तात व्यायाम कसा मिळावा, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या अमरावतीने १९१४ सालीच दिले होते. ते आजच्या उत्तराहून इतके निराळे होते की, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत.

तत्पूर्वी तालमी नव्हत्या असे नाही. वऱ्हाडात बऱ्याच गावी मारुतीच्या देवळाशेजारी आखाडा असे. तेल, ताक व हळद घालून मळलेली लाल माती, भिंतीशी ठेवलेली मुद्गलांची जोडी, आणि वस्तादाचा दरारा, एवढे त्याचे भांडवल. परंतु आखाड्याचे सारे लक्ष कुस्ती मारणाऱ्या गड्याकडे असे. जत्रेतील दंगल, इनामाचे कडे, एखाद्या धनिकाने चालविलेला दूध-बदामाचा खुराक, हे त्याचे जग. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर शाळा, न्यायकचेऱ्या व कापसाच्या पेढ्या वाढल्या, आणि बसून काम करणारा एक मोठा वर्ग निर्माण झाला. या वर्गाला आखाड्यात जागा नव्हती, व त्याला तिची गरजही वाटत नव्हती. तालमीत जाणाऱ्या पोराची बुद्धी जड होते, हे मत माझ्या आजोबांच्या पिढीत मी स्वतः ऐकले आहे. त्यातच १८७८ च्या कायद्याने हत्यार बाळगावयास परवाना आवश्यक झाला. पुढे १९०५ च्या सुमारास युजीन सँडो हिंदुस्थानात खेळ करून गेला. त्याची उपकरणे टपालाने घरोघर जात. त्या गृहस्थाच्या नावाची बंडी आपण अद्याप अंगात घालतो. पण त्याचे डंबेल्स विकत घेण्याची ऐपत किती जणांपाशी होती?

अशा वेळी १९१४ साली अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी अमरावतीस एक आखाडा काढला. त्याच वर्षी लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून आले. या नगरीत दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे त्यांचे सहकारी होते, व १८९७ ची राष्ट्रीय सभा येथेच भरली होती. म्हणजे हवेत जे होते ते या आखाड्याच्या मातीतही उतरले, यात नवल नाही. हुतात्मा राजगुरू यांनी काही काळ येथे व्यायामाचे शिक्षण घेतले होते. पुढे ही संस्था श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर प्रसिद्ध झाली. श्रोत्यांनी त्या नावातील ‘प्रसारक’ हा शब्द लक्षात घ्यावा. व्यायाम करणे हे त्यांचे अर्धेच काम होते. व्यायाम पसरविणे हे उरलेले अर्धे.

आता तो पसरविला कसा, हे मला विशेष मनोरंजक वाटते. पहिली गोष्ट साधनांची. डंड-बैठकांना काहीच लागत नाही. लाठी व लेझीम थोडक्या पैशांत मिळतात. मलखांब म्हणजे जमिनीत पुरलेला एक गुळगुळीत लाकडी खांब आणि वर चोळावयास एरंडेल. त्या एका खांबावर एकामागून एक पन्नास मुले हात करून जातात, आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. दुसरी व अधिक महत्त्वाची गोष्ट शिक्षकांची. मंडळ उन्हाळ्याच्या सुटीत वर्ग भरवी. दूरदूरचे शाळामास्तर तेथे येत, भर उन्हाळ्यात घाम गाळीत, आणि सुटी संपली की आपापल्या गावी परत जाऊन पोरांना शिकवीत. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव यांनी सांघिक कवायतीस देशी भाषेतील आज्ञा देऊन ठेवल्या होत्या, त्यामुळे इंग्रजीचा एक शब्दही न जाणणारे पोर रांगेत उभे राहू लागले. आजच्या व्यापारात नाव, पाटी व यंत्रे ठरावीक मोबदला घेऊन दुसऱ्या गावच्या माणसास चालवावयास देतात. मंडळाने नाव दिले नाही, पाटीही दिली नाही. शिकलेला मास्तर तेवढा परत पाठविला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय व्यायामप्रकार व कबड्डी करून दाखविली, तेव्हा जर्मन लोकांनी कौतुक केले, हे आपण अभिमानाने सांगतो. १९६७ साली मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालयही काढले. परंतु मला विचाराल तर बर्लिनच्या मैदानापेक्षा त्या उन्हाळी वर्गांचे महत्त्व अधिक आहे.

याचे कारण थोडे खाजगी आहे. मी अकोला जिल्ह्यातल्या एका लहान गावात वाढलो. आमचे वस्ताद पेशाने मास्तरच होते, व तारुण्यात अमरावतीस वर्ग करून आलेले होते. वर्गणी म्हणून महिन्यास काही पैसे, आणि ते नसल्यास रविवारी माती खणण्याचे काम. मी मलखांबावर कधी दसरंगाच्या पुढे गेलो नाही. एकदा मी सलग तीन दिवस दांडी मारली. चौथ्या दिवशी पहाटे एक मोठा मुलगा दाराशी उभा! “काऊन बे, तीन दिवसापासून कुठी होता तू? वस्तादानं बलावलं.” वस्तादांनी मला मारले नाही, रागावलेही नाहीत. “ताप होता काय?” एवढेच विचारले. नव्हता, हे त्यांना ठाऊक होते.

असो. गोड आठवणींच्या भरात सत्य झाकणे बरे नव्हे. आमच्या तालमीत मुलींना प्रवेश नव्हता. माझी धाकटी बहीण खिडकीतून पाहत असे. शिवाय गावातल्या सर्व वस्त्यांतील मुलांना ती माती सारखी खुली होती, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. ज्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न १९२७ साली पेटला, त्या मुलखात कोणाचे पाय कोठे पडावेत ही गोष्ट किरकोळ नव्हती. आजच्या जिमचे दार यापैकी काहीही विचारत नाही. माझी सून तेथे निःसंकोच जाते. हे मोठेच पुण्य आहे, आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

पैशांच्या वर्गणीतून व्यायामगृह चालविण्याची मराठी परंपराही जुनीच आहे. विष्णुपंत तळवलकर यांनी मुंबईस १९३२ साली व्यायामशाळा काढली. त्यांच्या घराण्याने तिचा देशभर विस्तार केला, २०१० साली कंपनीचे भाग बाजारात आले, आणि लहान शहरांसाठी ‘हायफाय’ नावाची स्वस्त शाखाही त्यांनी काढली. परंतु २०१९ साली कर्जावरील व्याज थकले व तो डोलारा कोसळला. अमेरिकेत मात्र हा धंदा भरभराटीस आला. तेथेही दोन बंधूच होते! ग्रोंडाल बंधूंनी १९९२ साली न्यू हॅम्पशायर संस्थानातील डोव्हर गावी ‘प्लॅनेट फिटनेस’ सुरू केले. महिना दहा डॉलर, हा त्यांचा पुष्कळ वर्षे प्रसिद्ध असलेला दर. नवख्या माणसाने बुजू नये म्हणून कोणी वजन उचलताना हुंकार दिला किंवा वजन आपटले, तर तेथे भोंगा वाजतो. आमच्या वस्तादांना ही योजना पसंत पडली असती. नवशिक्याला हसणाऱ्या गड्यास ते बाहेर काढीत. पण त्या धंद्याचे मर्म निराळेच आहे. २०१४ साली तेथील राष्ट्रीय नभोवाणीने हिशेब मांडून दाखविला की, एकेका शाखेत सरासरी साडेसहा हजार सभासद असतात, आणि जागा सुमारे तीनशेंची. सर्वच्या सर्व एके दिवशी आले तर दार मोडेल. दर इतका कमी ठेवता येतो, तो न येणाऱ्यांच्या पैशांवर. गैरहजर सभासद हाच तेथे खरा आश्रयदाता.

याच्या अगदी उलट प्रकार अकोल्यात श्रावणात दिसतो. शेवटच्या सोमवारी तरुणांची मंडळे गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वरास वाहतात. अंतर सुमारे १७-१८ किलोमीटर. हे लोक पहिलवान नव्हेत. कोणी भाजी विकतो, कोणी महाविद्यालयात शिकतो. पण कित्येक भरण्यांची कावड खांद्यावर न्यावयाची म्हणजे शरीर आधीपासून तयार ठेवावे लागते, आणि एखादा आला नाही तर त्याचा भार शेजारच्या खांद्यास तत्काळ कळतो. तेथे न येणाऱ्याच्या जिवावर कोणाचेही चालत नाही.

आता माझी कथा सांगून संपवितो. गेल्या वर्षी साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. घराजवळच्या एका जिममध्ये मी सवलतीचा लाभ घेऊन वर्षाची वर्गणी एकदम भरली. तेथील मुलगा मोठा आदबशीर. “काका, हळू, घाई करू नका,” असे म्हणून त्याने पट्ट्यावर चालावयास शिकविले. मी बरोबर एकोणीस दिवस गेलो. विसाव्या दिवशी पाऊस होता, नंतर पाहुणे आले, नंतर सवय मोडली. दोष सर्वस्वी माझा. मी दारावरच्या थापेची वाट पाहत होतो असेही नव्हे, पण मधून मधून कान तिकडे जाई खरा. अकरा महिन्यांनी फोनवर संदेश आला. वर्गणी संपत आल्याचा.