लेन्सच्या सोल्युशनची कुळकथा

अडॉल्फ फिक हा झुरिकमध्ये काम करणारा जर्मन नेत्रवैद्य. १८८८ साली त्याने डोळ्यावर बसवायच्या काचेच्या कवचांवर निबंध प्रसिद्ध केला. आधी सशांच्या, मग स्वतःच्या आणि नंतर रुग्णांच्या डोळ्यांवर त्याने ती बसवून पाहिली होती. काच आणि डोळा यांच्यामधली पोकळी भरायला त्याने द्राक्षशर्करेचं द्रावण घेतलं. आज चष्म्याच्या दुकानात मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सच्या सोल्युशनचा मूळ पुरुष म्हणजे हे द्रावण. ती काच डोळा जेमतेम दोन तास सोसायचा. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू तो अश्रूंच्या थरातून मुख्यतः हवेकडून घेतो, आणि काचेखाली तो मिळत नसे.

१९४८ मध्ये केव्हिन टूहीने फक्त कॉर्नियावर मावेल एवढी प्लास्टिकची लेन्स आणली. हे प्लास्टिक कडक, पाणी न पिणारं. जंतुनाशकात भिजवून धुतलं की भागायचं. काही जण थुंकी लावूनही लेन्स डोळ्यात घालत, म्हणजे तोंडातले जंतू थेट डोळ्यात.

खरा पेच टाकला मऊ लेन्सने. प्रागच्या ओटो विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञाने १९६१च्या नाताळात घरीच, मुलांच्या मेर्कुर खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून, गरगर फिरणारं यंत्र केलं आणि त्यावर हायड्रोजेलच्या लेन्स ओतल्या. अमेरिकेत १९७१ साली अशा लेन्सला मान्यता मिळाली. त्या जेलमध्ये सुमारे ३८ टक्के पाणी असतं. त्यामुळे लेन्स डोळ्याला बोचत नाही. पण त्याचमुळे भोवतीच्या द्रवात जे असेल ते तिच्यात मुरतं. कडक लेन्ससाठीची जंतुनाशकं ती शोषून घ्यायची आणि दिवसभर डोळ्यात सोडत राहायची.

म्हणून लेन्स तापवण्याची पद्धत आली. मिठाच्या पाण्यात घालून विजेच्या छोट्या उपकरणात लेन्स तापवायच्या. अमेरिकेत हे पाणी बरेच जण घरीच करत. मिठाच्या गोळ्या विकत मिळत, त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवल्या की झालं. स्वस्त, नितळ, अश्रूंइतकंच खारट. तापवण्याआधी ते वापरलं तर धोका कमी होता. पण सकाळी त्याच बाटलीतल्या पाण्याने लेन्स विसळून डोळ्यात घातली, की रात्रीची सगळी मेहनत वाया. डिस्टिल्ड वॉटर निर्जंतुक असतंच असं नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती.

त्या पाण्यात अकँथअमीबा शिरला. माती, तलाव, नळ, सगळीकडे राहणारा हा एकपेशीय जीव. दिवस वाईट आले की तो स्वतःभोवती दुहेरी भिंत उभारतो, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला ती भेदता येत नाही. १९८५-८६ मध्ये अमेरिकेत त्याच्या संसर्गाचे रुग्ण वाढले. रोगनियंत्रण केंद्राने शोध घेतला तेव्हा घरगुती मिठाचं पाणी, निर्जंतुकीकरणातली टाळाटाळ आणि लेन्स घालून पोहणं या तीन सवयी पुढे आल्या. या आजाराच्या कळा सोसवत नाहीत, उपचार महिनोन्‌महिने चालतात, काहींना कॉर्नियाच बदलावा लागतो.

आपल्याकडे धुणं म्हणजे पाणीच. तोंड, हात, देवाची उपकरणी सगळं पाण्याने स्वच्छ होतं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. म्हणून लेन्सला पाणी लावू नका एवढं बजावून पुरत नाही, कारणही सांगावं लागतं. नळाचं नको, फिल्टरचं नको, उकळून गार केलेलंही नको. अंघोळीला किंवा पोहायला जाताना लेन्स काढलेल्याच बऱ्या. हात मात्र साबणाने धुवायचेच आणि कोरडे करूनच लेन्सला लावायचे.

लेन्स तापवण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड आलं, आणि जेलमध्ये सहज शिरणार नाहीत इतक्या मोठ्या रेणूंची जंतुनाशकं आली. एकाच बाटलीत सगळं झाल्यावर लोक सैलावले. न चोळताही लेन्स साफ होतात असं काही बाटल्यांवर छापून येऊ लागलं. मग २००६ साली फ्युजेरियम बुरशीची साथ आली. आपल्याकडे ही बुरशी शेतात धसकट किंवा पात लागलेल्या डोळ्यात सापडते. इथे ती सिंगापूर, हाँगकाँग, अमेरिकेतल्या लेन्सवाल्यांच्या डोळ्यांत निघाली. एकट्या अमेरिकेत १६४ रुग्णांची खात्री झाली. बॉश अँड लॉम्बने रेन्यू विथ मॉइश्चरलॉक हे सोल्युशन जगभरातून परत घेतलं. लेन्सच्या डबीतलं कालचं उरलेलं ओतून न देता त्यावरच नवं घालायची सवयही या साथीत घातक ठरली, कारण शिळ्या द्रावणात जंतुनाशकाचा जोर उरत नाही. त्यानंतर लेन्स तळहातावर चोळून, ताज्या सोल्युशनने विसळायचा सल्ला पुन्हा ठामपणे दिला जाऊ लागला. डबीही रोज रिकामी करून सोल्युशननेच विसळायची, उपडी वाळवायची आणि तीन महिन्यांच्या आत बदलायची.

डोळा लाल झाला, उजेड सोसेना, कळ येऊ लागली, तर लेन्स त्याच क्षणी काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत. चुकीच्या वेळी ते जंतूंनाच मोकळं रान देतात. जाताना लेन्स आणि डबी द्रावणासकट सोबत न्यावी. डोळ्यात नेमकं काय शिरलं आहे ते प्रयोगशाळेला पुष्कळदा त्या डबीतूनच कळतं.