तीन बहिणी आणि एक प्रलंबित संशय

अंबत्तूरला बदली होऊन आल्यापासून पहाटे तळ्याच्या बाजूने फिरून येण्याचा परिपाठ मी ठेविला आहे. त्या वाटेवर दोन बहिणी नित्य धावताना दिसतात. धाकटी थोरलीच्या चार पावले मागे, पण ते अंतर कधी वाढत नाही. परवा चहाच्या टपरीवर त्यांचा विषय निघाला. माझे तमिळ अद्याप तोडकेमोडकेच आहे. तथापि 'रत्तम' हा शब्द कळावयास अडचण पडली नाही. एक गृहस्थ म्हणाले, "रक्तातच आहे." दुसरे हसून म्हणाले, "रक्तात काय घातले आहे, कोणी पाहिले?" स्तुती आणि संशय ही दोन्ही एकाच शब्दाच्या खुंटीवर टांगलेली पाहून मला इथिओपियातील दिबाबा भगिनींची हकीकत आठवली. घरी आल्यावर टिपणे काढली. त्यांतूनच हा लेख झाला.

इथिओपियाच्या आर्सी प्रांतात बेकोजी नावाचे एक लहानसे गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे २८०० मीटर, म्हणजे आपल्या उटकमंडपेक्षाही अधिक. तेथील शाळेतल्या सेंतायेहू एशेतू या शिक्षकाने जी मुले धावण्यास लाविली, त्यांतून देरार्तू तुलू निघाली आणि १९९२ साली बार्सेलोनास दहा हजार मीटरचे सुवर्णपदक घेऊन आली. ऑलिंपिकचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकी स्त्री. दिबाबा भगिनी तिच्या नात्यातल्या. थोरली एजेगायेहू हिने २००४ साली अथेन्सला याच शर्यतीत रौप्यपदक मिळविले, आणि तिच्या मागे तिसरी आली ती खुद्द देरार्तू! मधली तिरुनेश २००५ साली हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत पाच व दहा हजार मीटर या दोन्ही शर्यती जिंकली. दोन्हींत तिसरे स्थान एजेगायेहूचे. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये तिरुनेशने पुन्हा दोन्ही सुवर्णपदके घेतली, व २०१२ साली लंडनला दहा हजारांचे आणखी एक. याच गावच्या केनेनिसा व तारिकू बेकेले या भावांनीही ऑलिंपिक पदके मिळविली. तोवर जग म्हणत होते, 'रक्तातच आहे.'

बीजिंगच्या त्या दोन्ही शर्यतींत तिरुनेशच्या मागोमाग आलेली एल्वान अबेलेगेसे ही जन्माने इथिओपियनच, पण तुर्कस्तानकडून धावणारी. २००७ च्या ओसाका येथील जागतिक स्पर्धेत तिचा जो नमुना घेऊन ठेविला होता, तो पुढे पुन्हा तपासला असता त्यात स्टॅनोझोलॉल हे निषिद्ध द्रव्य निघाले. २०१७ साली तिची बीजिंगची दोन्ही रौप्यपदके काढून घेण्यात आली. आता या निकालाचा अर्थ काय लावावयाचा? सज्जन म्हणतो, निर्मळ मुलीने औषधवालीला हरविले. संशयी म्हणतो, औषधवालीला जी हरविते ती कशी निर्मळ असेल? कागद एकच, परंतु टिपण्या दोन. आणि दुसऱ्या टिपणीला पुरावा लागत नाही, हे तिचे सामर्थ्य. या दुसऱ्या युक्तिवादाने जगातील कोणताही विजेता सुटणार नाही, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे.

धाकट्या गेंझेबेच्या वाट्यास हा संशय अधिक तीव्रतेने आला. १७ जुलै २०१५ रोजी मोनाको येथे तिने पंधराशे मीटरचे अंतर ३ मिनिटे ५०.०७ सेकंदांत तोडले व जागतिक विक्रम केला. तिने मोडला तो विक्रम चीनच्या छू युनशियाचा, १९९३ सालचा. त्या वर्षी मा जुनरेन या प्रशिक्षकाच्या मुलींनी बीजिंगमध्ये अवघ्या काही दिवसांत एकामागून एक विक्रम उधळून लाविले होते. कासवाचे रक्त आणि डोंगरावरील कष्ट हे आपले रहस्य, असे मा सांगत असे. पुढे २००० साली सिडनीच्या तोंडावर रक्ततपासणीनंतर त्याच्या सहा मुली संघातून गळाल्या. आणि २०१६ साली चीनमध्ये एक जुने पत्र प्रसिद्ध झाले, त्यात त्याच्या शिष्यांनी आपणांस औषधे घ्यावयास लाविल्याचे लिहिले होते. सबब, बावीस वर्षे जो विक्रम अमानुष म्हणून बाजूस ठेविला होता, तो मोडणारी मुलगी आपोआपच त्या संशयाची वारस झाली. संशय येथे रक्तातून उतरला नाही. विक्रमांच्या वहीतून उतरला.

त्यानंतर वर्षभरातच, जून २०१६ मध्ये, बार्सेलोनाजवळील साबादेल गावी तिचा प्रशिक्षक जामा आदेन यास स्पॅनिश पोलिसांनी अटक केली. त्याचा संघ उतरला होता त्या हॉटेलात ईपीओ व इतर औषधे सापडल्याचे सांगण्यात आले. आदेनने आरोप नाकारले. ईपीओ हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक. ते रक्तातील तांबड्या पेशी वाढविते. पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू अधिक मिळतो, आणि लांब पल्ल्याच्या धावपटूस याहून मोठे वरदान नाही. बेकोजीची विरळ हवा जे वर्षानुवर्षे सावकाश करिते, तेच कारखान्यातील ईपीओ काही आठवड्यांत करिते. गेंझेबेच्या कोणत्याही चाचणीत दोष निघाला नाही. ती त्याच वर्षी रिओला धावली व पंधराशे मीटरमध्ये दुसरी आली. मात्र तिच्या नावापुढे 'आदेनची शिष्या' हे दोन शब्द कायमचे चिकटले. आपणां सरकारी नोकरांस हे नवीन नाही. आरोपपत्र नाही, खुलासा मागितलेला नाही, तरी फाइलवर कोणीतरी पेन्सिलीने काहीतरी लिहून ठेविलेले असते, आणि ते खोडण्याचा अधिकार कोणास आहे हे कोणासच ठाऊक नसते.

रक्ताबाबत निसर्ग किती चकवितो, याचे एक उदाहरण फिनलंडमध्ये सापडते. एरो मँटिरांटा हा बर्फावरील शर्यतींचा वीर. १९६० ते १९६८ या काळात त्याने सात ऑलिंपिक पदके मिळविली. त्याचे रक्त सामान्यांहून इतके दाट की कुजबुज होणे अटळ होते. पुढे फिन्निश संशोधकांनी त्याच्या आप्तांचे रक्त तपासले, तेव्हा त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक आनुवंशिक बदल आढळला. त्यामुळे ईपीओचा इशारा शरीरात प्रमाणाबाहेर काम करी. १९९३ साली हा शोध प्रसिद्ध झाला. तोवर स्पर्धेतून त्यास निवृत्त होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. येथे घराण्यानेच साक्ष दिली. गंमत अशी की हाच मँटिरांटा १९७२ साली उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडलाही होता! मनुष्य एका आरोपातून सुटतो म्हणून सर्वच आरोपांतून सुटतो असे नव्हे.

अशा घोटाळ्यांमुळेच २००९ पासून धावपटूंची 'जैविक पारपत्रे' ठेवू लागले. त्यात खेळाडूच्या रक्ताची तुलना मुख्यत्वे त्याच्याच पूर्वीच्या रक्ताशी होते. ज्याचे रक्त जन्मतःच दाट आहे, त्यावर त्यामुळे अन्याय होत नाही. ज्याचे अचानक दाट झाले, त्यास मात्र उत्तर द्यावे लागते. मला ही पद्धत न्याय्य वाटते.

आपल्याकडेही डोळे मिटून चालणार नाही. नाशिकची संजीवनी जाधव आणि तिरुचिरापल्लीकडची गोमती मारिमुत्तू या दोघीही २०१९ च्या दोहा येथील आशियाई स्पर्धेत पदके घेऊन आल्या. एक दहा हजार मीटरची, दुसरी आठशेची. संजीवनीच्या २०१८ सालच्या नमुन्यात प्रोबेनेसिड निघाले. हे गाउटवरील औषध, परंतु इतर द्रव्ये लपविण्यास उपयोगी पडते म्हणून निषिद्ध. गोमतीच्या नमुन्यात नँड्रोलोन निघाले. पहिलीस दोन वर्षे, दुसरीस चार वर्षे बंदी झाली व दोघींची पदके गेली. त्या बातम्या वाचून मी हळहळलो, हे लपवीत नाही. परंतु तेथे चाचणी झाली, निर्णय झाला, तारीख पडली. त्या फाइली बंद आहेत.

गेंझेबेची तशी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला ती पहिली मॅरेथॉन धावली व २ तास १८ मिनिटे ५ सेकंदांत दुसरी आली. पुढच्या वर्षी २ जून रोजी केनियाच्या फेथ किपयेगॉनने फ्लॉरेन्सला पंधराशे मीटर ३ मिनिटे ४९.११ सेकंदांत पार केले आणि मोनाकोचा तो विक्रम पुसला. काल टपरीवर या किपयेगॉनचे नाव मी मुद्दाम काढून पाहिले. "ती काय घेते?" हाच पहिला प्रश्न आला. तेवढ्यात त्या दोघी बहिणी वळणावरून आल्या, आणि चहावाल्याने त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे पाण्याचे दोन पेले काढून ठेविले.