भीमथडीचे गवत: पाऊस, घोडा आणि राज्य

१/८ आपल्या राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांना मानाचे स्थान आहे. ही तट्टे पोसली कोणी? भीमा-नीरा खोऱ्यातील माळरानांनी. आजचा धागा त्या गवताविषयी.

२/८ कर्वेनगरहून पश्चिमेस ताम्हिणी घाटात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्यात सुमारे सातशे, बारामती-इंदापुरात जेमतेम पाचशे. सह्याद्रीच्या या पर्जन्यछायेतच आपली माळराने पसरली आहेत.

३/८ पाऊस किती पडला, याहून तो केव्हा पडला याला येथे अधिक मोल. जूनच्या सरींनी बी रुजते. पुढे दीर्घ उघडीप पडली, तर कोवळे अंकुर करपतात. मारवेल, पवन्या ही बहुवर्षायू गवते मुळांच्या बळावर तगतात. मात्र अतिचराई झाली, की त्यांची जागा कुसळी घेते आणि तिची कुसळे मेंढ्यांच्या अंगात रुततात.

४/८ राज्यकारभारही याच वेळापत्रकाने चाले. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन. कारण तोवर नद्या उतरलेल्या आणि गवत तयार झालेले असे. धनगरांचे वाडे पावसाळा सरल्यावर कोकणात उतरत व पुढल्या पावसाच्या तोंडावर माळावर परतत.

५/८ शिवछत्रपतींनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. आशय असा: पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा-वैरण आताच उधळाल, तर ऐन पावसात घोडी मरतील, मग तुम्ही रयतेला उपद्रव द्याल आणि रयत म्हणेल, यापेक्षा मोगल बरे. वैरणीचा साठा हा राज्याच्या अब्रूचा प्रश्न होता.

६/८ १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी जमाबंदी आली. सारा उतरला, पडीक जमीन नांगराखाली आली. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, हे खरेच. पण चराईचा माळ तेवढाच आक्रसला. १८७६ मध्ये पाऊस हुकला, तेव्हा माणसांबरोबर गुरेही हजारोंनी मेली.

७/८ आज पावसाची चालच बदलते आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या नेतृत्वाखालील अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. मुरमाड, उथळ जमिनीवर असा पाऊस मुरत नाही, वाहून जातो. गवताच्या वाट्याला येते ती उघडीप.

८/८ सातबाऱ्यावर आजही ‘पोटखराबा’ हा शब्द आढळतो. लागवडीस निरुपयोगी जमीन, असा त्याचा अर्थ. ज्या माळाने स्वराज्याचे घोडे पोसले, त्याला ‘खराब’ ठरवणारी नजर महसुलाची होती. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तरी ती उसनी घेऊ नये.