डिझेल ट्रकचा ‘मेंदू’ आणि घोडबंदरची वाट : उष्णतेशी झुंजीचा इतिहास

१/१०
गुजरातेतून येणारे मालट्रक वसईची खाडी ओलांडून वरसावे नाक्यावर, म्हणजे मीरा-भाईंदरच्या हद्दीत येतात. त्यांतील अनेक घोडबंदर मार्गाने ठाण्याकडे वळतात. पुढे गायमुखचा चढ आणि खोळंबलेली रांग. गाडीत भार आहे, पण वेग नाही. त्यामुळे समोरून वारा लागत नाही आणि इंजिनाची उष्णता केबिनखालीच कोंडते. या उष्णतेची धास्ती आज पूर्वीपेक्षा वेगळी आहे.

२/१०
१९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधण्यास आरंभ केला. त्या पिढीच्या इंजिनात डिझेल किती आणि केव्हा सोडायचे, हे यांत्रिक पंप ठरवीत असे. वीज लागे ती मुख्यतः स्टार्टर, दिवे आणि हॉर्नसाठी. इंजिन तापले की थांबावे, निवू द्यावे, रेडिएटरमध्ये पाणी भरावे. उष्णतेने बिघडेल असा ‘मेंदू’ गाडीत नव्हताच.

३/१०
तो असणे शक्यही नव्हते. आरंभीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे असत आणि सुमारे ७५ अंश सेल्सिअसपुढे त्यांचा भरवसा राहत नसे. त्याच १९५४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला आणि ही मर्यादा १५० अंशांच्या आसपास गेली. इंजिनाच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक्सला जागा मिळाली ती सिलिकॉनमुळे.

४/१०
१९९५ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीने ट्रकसाठी ‘कॉमन रेल’ प्रणाली आणली. आता डिझेल केव्हा, किती आणि कितीदा फवारायचे, याचा निर्णय सेन्सर आणि ईसीयू नावाची पुस्तकाएवढी पेटी घेऊ लागली.

५/१०
भारतात या पेटीला कायद्याने वाट करून दिली. माशेल (गोवा) येथे जन्मलेले शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांच्या समितीच्या अहवालावर २००३ चे वाहन इंधन धोरण उभे राहिले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४, तर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले.

६/१०
येथेच एक विसंगती उद्भवली. धूर स्वच्छ करण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स वाढले. पण फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंशांची उष्णताही त्याच गाडीत निर्माण करावी लागली. नाजूक वस्तू आणि भट्टी शेजारी आल्या.

७/१०
उष्णता बहुधा एका घावात नाश करीत नाही. तापणे-निवणे यांच्या फेऱ्यांत सोल्डरला बारीक तडे जातात, वायरचे आवरण कडक होऊन फुटते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तर दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते. मग भर रस्त्यात गाडी एकाएकी शक्ती गमावते.

८/१०
यावरचे उपाय साधे, पण विचारपूर्वक योजलेले आहेत. ईसीयू एक्झॉस्टपासून दूर बसवणे, मध्ये धातूचे उष्णतारोधक पत्रे लावणे, वायरिंगला काचतंतूंची वा सिलिकॉन रबराची नळी घालणे. कमिन्सच्या काही इंजिनांत तर ईसीयूमागच्या पट्टीतून थंड डिझेल फिरवले जाते. टाकीतले इंधन जळण्यापूर्वी मेंदूला गारवा देते.

९/१०
चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद केले, तर पाण्याचा पंप आणि पंखा थांबतात. साठलेली उष्णता मात्र आसपासच्या भागांत शिरते. म्हणून ते काही मिनिटे रिकामे चालू ठेवतात. घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडल्याचे परंपरा सांगते. दौडून आलेला घोडाही लगेच बांधत नाहीत. घाम निवेपर्यंत त्याला हळूहळू फिरवतात.

१०/१०
या इतिहासातील सर्वांत बोचरी नोंद मात्र यंत्राची नाही. ईसीयूने किती अंश सोसावेत, याची मर्यादा आरेखनाच्या वेळीच ठरते. त्याच इंजिनाशेजारी दिवसभर बसणाऱ्या चालकासाठी, नव्या मध्यम व अवजड ट्रकांत वातानुकूलित केबिनची सक्ती लागू झाली ती २०२५ मध्ये. पेटी तापली तर गाडी थांबते, हे उघड दिसत होते. माणूस तापला तरी गाडी चालतच राहत होती.